खंडोबाचा किडा

बिदर जिल्ह्यात भालकी तालुक्यातील खानापूर येथे मैलार मल्लण्णाचे देवस्थान आहे. मैलार म्हणजेच आपला खंडोबा. याच देवाच्या नावाने मराठीत एक कीटक ओळखला जातो, तो खंडोबाचा किडा. वर्गात कोणी तो आणला की पुष्कळ मुले भीतीने मागे सरतात, असे आम्ही पाहतो. वस्तुतः तो विषारी नाही.

पुढचे पाय जोडून तो निश्चल बसतो, म्हणून त्यास प्रार्थना-कीटकही म्हणतात. परंतु ती प्रार्थना नव्हे. त्या पायांना आतून काट्यांच्या रांगा असतात. भक्ष्य टप्प्यात येताच, अडकित्त्यात सुपारी धरावी तसे ते त्यास पकडतात. दोन्ही मोठ्या डोळ्यांच्या दृष्टीचा मेळ घालून तो भक्ष्याचे अंतर ताडतो. पुष्कळ जातींना कान मात्र एकच, तोही छातीच्या तळाशी असतो! १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून हे उघड झाले. आपणांस ऐकू न येणारे वटवाघळाचे सूक्ष्म चीत्कार हा कान टिपतो.

सहारा व अरबस्तानच्या वाळवंटांत याचे एरेमिआफिला नावाचे भाईबंद राहतात. वाळू-खड्यांसारखा रंग, तोकडे पंख आणि लांब पाय यांच्या बळावर ते तापल्या जमिनीवर धावत शिकार करतात. आपल्याकडे वाळवंट नाही. तथापि बिदरचे जांभ्या दगडाचे पठार आणि कलबुर्गीची काळी राने वैशाखात भाजून निघतातच. प्रौढ किडा काही महिनेच जगतो. पण त्याचा वंश प्रतिकूल दिवस अंड्यांत काढू शकतो. मादी काटकीवर फेस सोडून त्यात अंडी घालते. फेस वाळून त्याचे टणक कोष्ठ बनते व अंड्यांचे रक्षण करते. पुढे त्यातून बिनपंखी पिले बाहेर पडतात आणि कात टाकीत वाढतात.

यास शेतकऱ्याचा मित्र म्हणतात, ते अर्धेच खरे. तो पिकावरील अळी खातो, तशी मधमाशीही खातो. प्रसंगी स्वतःच्या भावंडांनाही सोडीत नाही. तो साधू नव्हे, वैरीही नव्हे; रानातील खाणाऱ्या-खाल्ल्या जाणाऱ्यांच्या साखळीतील तो एक दुवा आहे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. चुलीत तुराटी सारण्यापूर्वी ती एकवार निरखून पाहा. तिच्यावर वाळल्या फेसाचा भुरा गोळा चिकटलेला दिसला, तर ती तेवढी काटकी बांधावर नेऊन ठेवा.