सुई, श्वास आणि मुके जीव

भंडारा जिल्हा हा धानाचा जिल्हा. तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूर या भागांत व्यापारी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या धानाच्या खरेदी-विक्रीत आणि राईस मिलच्या हिशेबात गेल्या. हंगामात मिलमध्ये दिवसभर उडणारी कोंड्याची बारीक धूळ हमालाच्या छातीत जाते, तशी गादीवर बसलेल्या मालकाच्याही छातीत जाते. साठी ओलांडलेल्या एखाद्या आजोबांचा जुना दमा थंडीत बळावतो, ताप चढतो, आणि गाडी साठेक किलोमीटरवरच्या नागपूरच्या वाटेला लागते. तेथे अतिदक्षता विभागात घशातून नळी घालून त्यांना व्हेंटिलेटर लावला जातो.

येथून पुढे काय होते, हे घरच्यांना बहुधा कोणी समजावून सांगत नाही. व्हेंटिलेटर श्वास देतो. पण ज्या नळीतून तो देतो, तीच जंतूंची वाट बनते. निरोगी माणूस खोकतो, गिळतो आणि घशातील स्राव फुप्फुसांकडे जाऊ देत नाही. गुंगीत असलेल्या, तोंडात नळी असलेल्या रुग्णाला हे काहीच करता येत नाही. नळी घातल्यापासून ४८ तास उलटल्यानंतर उद्भवणाऱ्या न्यूमोनियाला वैद्यक ‘व्हेंटिलेटरजन्य न्यूमोनिया’ म्हणते. रुग्णालयात वावरणारे जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, म्हणून हा आजार विशेष घातक. शिवाय जंतूंइतकीच हानी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराने, म्हणजे अनावर झालेल्या दाहाने होते. चोर पकडताना घरच जाळून टाकावे, तसा हा प्रकार.

हा दाह औषधाविना आवरता येईल काय, या प्रश्नातून ॲक्युपंक्चरची सुई प्रयोगशाळेत आली. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी ‘व्हेगस’ नावाची एक लांब मज्जातंतू आहे. ती उत्तेजित केली असता उंदरांमधील दाह ओसरतो, असे अमेरिकेतील केविन ट्रेसी यांच्या गटाने २००० साली दाखवले. पुढे २०१४ मध्ये लुईस उलोआ यांच्या गटाने उंदराच्या मागच्या पायात सुई टोचून तिच्यातून सौम्य वीजप्रवाह सोडला. ही संवेदना पायाच्या मज्जातंतूतून व्हेगसपर्यंत आणि तेथून मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोचते. ग्रंथीतून डोपामिन स्रवते आणि दाह उतरतो, असा मार्ग त्यांना आढळला. चिनी परंपरेत या बिंदूला ‘झूसानली’ म्हणतात. माणसात तो गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असतो. ससे आणि उंदीर यांच्या फुप्फुसदाहावर, तसेच व्हेंटिलेटरजन्य न्यूमोनियाच्या प्राण्यांतील नमुन्यांवरही याच दिशेने काम झाले आहे.

मात्र याच संशोधनाचा दुसरा भाग प्रचारपत्रकांत छापला जात नाही. हार्वर्डमधील किउफू मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले की, सुईचा परिणाम जागा, प्रवाहाची तीव्रता आणि वेळ या तिन्हींवर अवलंबून असतो. पोटावरील बिंदूला दिलेला तीव्र प्रवाह आजारापूर्वी दिला असता उंदरांना तारक ठरला; तोच प्रवाह दाह उसळल्यानंतर दिला असता मारक ठरला. मागच्या पायात खोलवर असलेल्या विशिष्ट मज्जापेशी पोटाच्या तशाच आवरणात नाहीत, हे त्याचे एक कारण त्यांनी २०२१ मध्ये मांडले. तेव्हा ‘सुईने अपाय तर होणार नाही ना’ असे म्हणून अतिदक्षता विभागात कोणालाही सुया टोचू देणे हा भाबडेपणा आहे. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते, आणि व्हेंटिलेटरच्या दाबाखाली असे छिद्र जीवघेणे ठरते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वेगळीच.

या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न जैन घरात विचारला जाणारच. अशा प्रयोगात प्राण्याला गुंगी देतात, श्वासनलिकेत नळी घालतात, जंतू सोडतात आणि अखेरीस त्याचे फुप्फुस काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्राणी पंचेंद्रिय आहे. त्याच्या वेदनेबद्दल शंका नाही. गृहस्थाच्या वाट्याला येणारी हिंसा आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी अशी वेगळी करून पाहण्याची शिकवण ज्यांना लहानपणापासून मिळाली, त्यांना हा प्रयोग नेमका कोठे बसवावा हे सहज ठरवता येत नाही. औषधाच्या दुकानातून घरी येणारी जवळपास प्रत्येक आधुनिक गोळी याच वाटेने आली आहे, हे विसरून प्रयोगशाळेला दोष देणे सोपे. पण ते प्रामाणिक नव्हे.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, आणि प्रयोगशाळांची नोंदणी सक्तीची आहे. २०२३ मध्ये केंद्राने नव्या औषधांच्या चाचणीविषयीच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरील पर्यायी पद्धतींना वाट मोकळी केली. अशा पर्यायांत मानवी पेशी असलेली, खोडरबराएवढी ‘चिपवरील फुप्फुस’ ही रचना प्रसिद्ध आहे. ती हार्वर्डमध्ये २०१० साली तयार झाली. औषधांसाठी ती मोठी आशा आहे. सुईच्या बाबतीत मात्र अडचण अशी की, चिपला पाय नाही आणि व्हेगसही नाही. पायात टोचल्याने फुप्फुसात काय होते, हे पाहायला अखंड शरीरच लागते. दुसरा मार्ग माणसांवरील काळजीपूर्वक, संमतीपूर्वक अभ्यासाचा. पण बेशुद्ध रुग्णाची संमती कोणी द्यायची, हा त्यातला पेच.

विदर्भाचा आणि चीनचा वैद्यकीय संबंध तसा जुना आहे. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच वारले. त्यांचे सहकारी कलकत्त्याचे डॉ. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले, आणि भारतात या विद्येचा पाया घातला गेला. आज महाराष्ट्रात या चिकित्सेचा स्वतंत्र कायदा व परिषद आहे. २०१९ मध्ये केंद्रानेही तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे गुडघेदुखीसाठी सुया घ्यायच्या असल्या, तरी उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारण्यात संकोच नसावा.

व्हेंटिलेटरवरील रुग्णासाठी मात्र आज सिद्ध झालेले उपाय साधे आहेत, आणि त्यांत ना सुई लागते ना प्राणी. वैद्यकीय अडचण नसेल तर खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली असावी. प्रत्येक स्पर्शापूर्वी हात धुतलेले असावेत. रुग्णाचे दात नियमितपणे ब्रशने स्वच्छ केलेले असावेत. गुंगीचे औषध शक्य तेव्हा कमी करून, रुग्ण स्वतःहून श्वास घेतो काय, याची रोज चाचणी व्हावी. कारण नळी जितकी लवकर निघेल तितका धोका कमी. भेटीच्या दहा मिनिटांत घरच्या माणसाने परिचारिकेला आदराने विचारावे, ‘ताई, आज बाबांचे दात घासले का? नळी काढण्याची चाचणी केव्हा होणार?’