पावसाळी दुपारचे तीन चित्रपट

मैत्रिणींनो, आषाढ लागला की घरभर दोऱ्यांवर ओले कपडे, मुलं घरात कोंडलेली आणि वर भज्यांची फर्माईश! अशा रविवारी दुपारी मी यांतला एखादा चित्रपट लावते.

पहिला ‘मुंबईचा जावई’ (१९७०). चाळीतलं भरलं घर आणि नव्या जोडप्याला एकांत मिळेना! चाळीत राहिलेल्या कुणालाही हसू आवरणार नाही.

दुसरा व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’ (१९३७). जुना म्हणून सोडू नका. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावलेली मुलगी हा संसार साफ नाकारते. शांता आपटेंचा तो बाणेदारपणा पाहून आमच्या सासूबाई म्हणाल्या, “आमच्या आत्याला असं बोलता आलं असतं तर!” एरवी त्या आत्याचं नावही काढत नाहीत.

तिसरा माझा लाडका, पण पुष्कळजणींचा राहून गेलेला – अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१५). वडील गेलेले, आईची कोकणात बदली झालेली, मुलगा एकटा पडलेला. अमृता सुभाषने ती आई फार संयमाने उभी केली आहे. भर पावसात तो मुलगा किल्ल्यात एकटाच सापडतो, तेव्हा आमचे चिरंजीव हळूच मला चिकटून म्हणाले, “आई, मलापण इथे कुणी मित्र नाही गं.” आमची बदली होऊन वर्ष झालं होतं. मी रोज फक्त अभ्यासाचंच विचारत होते!

तेव्हा भजी नंतर तळा. भाजलेल्या शेंगा पुढे ठेवा आणि तुम्हीही बसा. आपण गॅसकडे उठून गेलो, की नेमकं असं काही ऐकायचं राहून जातं.