नाताळची नानकटाई आणि बिनओव्हनची भट्टी

"तुमच्याकडे ख्रिसमसला काय असतं गं? केकच ना?" डिसेंबर उजाडला की हॉस्टेलवर हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. शाळेतही विचारायचे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या ख्रिसमसला कापसाचा बर्फ, सांताक्लॉज आणि कागदाच्या वाटीतले कपकेक असायचे. घरी मात्र आजी करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या आणि डबाभर नानकटाई करायची. वर्गात मी छाती ठोकून सांगायचे, "आमच्याकडे मोठ्ठा केक असतो!" करंजीचं नाव काढायला लाज वाटायची. आज त्याच लाजेची लाज वाटते, म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. 'नाताळ' हा शब्दच मुळात पोर्तुगीज, 'नाताल' म्हणजे जन्मदिवस. पाव हा शब्दही त्यांच्याकडूनच आलेला. गोव्यात नाताळच्या फराळाला कुसवार म्हणतात. त्यात नेवऱ्या असतात, दोदोल असतो, बेबिंका असते. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण. आपल्या बाजूला मात्र ख्रिस्ती धर्म गोव्यावरून आला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पोचले. पुढे सोलापूरकडेही त्यांचं काम सुरू झालं. इकडे मराठवाड्यात नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. या सगळ्या भागातल्या लोकांनी प्रार्थना बदलली, पण स्वयंपाकघर तेच राहिलं. ज्या बाईला दिवाळीच्या करंज्या येत होत्या, तिने नाताळला त्याच केल्या. केक नंतर आला, तोही बहुतेक बेकरीतून.

पण नानकटाईची गोष्ट वेगळी. करंजी कढईत होते, नानकटाईला भट्टी लागते. आणि भट्टी कुणाच्या घरी असते? म्हणून दिवाळी-नाताळच्या आधी बायका मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायच्या. तिथेच पीठ मळायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे लावायचे, नावाची चिठ्ठी ठेवायची आणि नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं. माझ्या लहानपणी आजीबरोबर मीही जायचे. घरी येताना डबा इतका गरम असायचा की ओढणीत धरावा लागायचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातली ती लाकडाची भट्टी बंद झाली. आता तिथे विजेचा ओव्हन आहे आणि बाहेरचे ट्रे घेत नाहीत. त्यांची चूक नाही. लाकूड महाग, धूर वेगळाच. मुंबईत तर २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितलं. पण आमच्या घरी परिणाम असा झाला की त्या नाताळला नानकटाईच झाली नाही. आजीने फक्त "जाऊ दे" म्हटलं. तिचे हात आता थरथरतात आणि कृती कुठेच लिहिलेली नाही. म्हणून गेल्या डिसेंबरात सेमिस्टरचा शेवटचा पेपर टाकून घरी गेले, तेव्हा ठरवलं की या वेळी नानकटाई घरातच करायची आणि ग्रॅममध्ये लिहून ठेवायची.

भट्टी नेमकं काय करते?

विटांच्या भट्टीत लाकूड जाळून आधी घुमट आणि तळ तापवतात. मग निखारे बाजूला ओढतात. जाड विटा ही उष्णता साठवून ठेवतात आणि तासन् तास हळूहळू सोडतात. आधी कडक उष्णतेत पाव भाजले जातात. भट्टी जरा उतरली की टोस्ट, बिस्किटं, नानकटाई. म्हणजे नानकटाईला उतरती आणि सगळीकडून सारखी आच हवी, साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअस. हीट ट्रान्सफरच्या पेपरात लिहितो ते तिन्ही प्रकार इथे एकत्र असतात. ट्रेच्या पत्र्यातून येते ते कंडक्शन, गरम हवेतून कन्व्हेक्शन आणि वरच्या घुमटातून रेडिएशन.

आपल्या गॅसच्या शेगडीवर फक्त खालून आच मिळते. म्हणून घरी केलेली बिस्किटं खाली करपतात आणि वर पांढरीफटक राहतात. हाच प्रश्न गोव्याच्या बायकांनी कधीच सोडवला होता. बेबिंकाचा एकेक थर भाजताना त्या भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवतात, म्हणजे वरून रेडिएशन मिळतं. मी आजीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यात काय नवं? आमीबी वर-खाली इस्तू ठिवायचो." झालं, आमचं संशोधन तिथेच संपलं!

आमची भट्टी

जाड बुडाचं जुनं पातेलं घेतलं. तळाला दीड वाटी जाडं मीठ पसरलं. मीठ ८०१ अंशाला वितळतं, त्यामुळे शेगडीवर त्याला काही होत नाही. ते विटेसारखं उष्णता धरतं आणि आच सारखी पसरवतं. मिठावर कुकरची जाळी, जाळीवर स्टीलची ताटली. ताटली थेट मिठावर ठेवायची नाही, कारण मग कंडक्शनने खालची बाजू करपते. दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा तापवून तो झाकण म्हणून पालथा घातला. गरम वस्तूची रेडिएशनने बाहेर पडणारी उष्णता केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. म्हणजे तवा २०० अंशांवरून २५० वर नेला तर वरून मिळणारी आच जवळपास दीडपट होते. तवा बदलणं हे पप्पांचं काम, दोन्ही हातांत फडकी घेऊन. कुणाला कुकरच वापरायचा असेल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून टाका आणि आत पाणी अजिबात घालू नका. वाफ कोंडणे हा आपला उद्देश नाही.

थर्मामीटर नव्हता. लॅबमधला थर्मोकपल घरी नेऊ देतील अशी आशाही नव्हती. तेव्हा आजीने जुनी खूण सांगितली. पांढऱ्या कागदाचा तुकडा आत ताटलीत ठेवायचा. पाच मिनिटांत फिकट तपकिरी झाला तर आच बरोबर. काळा पडला तर जास्त, पांढराच राहिला तर थांबा.

पीठ आणि मोहन

काकांच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणला. आजी वैतागली, "काय मोजायलीस गं? गिलासानं घाल की!" तिचा तोच पितळी पेला मी दोनदा भरून मोजला. हलक्या हाताने भरला तर मैदा ११० ग्रॅम, दाबून भरला तर १४०. एकाच पेल्यात ३० ग्रॅमचा फरक! आजीचा हात तो फरक आपोआप सांभाळतो, माझा सांभाळणार नाही. म्हणून तिने घातलेला प्रत्येक जिन्नस परातीत पडायच्या आधी काट्यावरून जायचा. शेवटी जमलेलं माप असं:

मैदा १५० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, साजूक तूप १२० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, दही १ छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ.

पहिला घाणा फसला. चुलत भावाला घाई, त्याने थिजलेलं तूप सरळ गरम करून ओतलं. सगळे गोळे पसरून एकमेकांना चिकटले, एकच मोठी दशमी तयार झाली! कारण नंतर कळलं. पातळ तुपात हवा धरता येत नाही. थिजलेलं तूप पिठीसाखरेबरोबर परातीत तळहाताने १०-१५ मिनिटं फेसलं की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि ते पांढरं, हलकं होतं. भाजताना हेच बुडबुडे फुगतात. आजी म्हणते, "हाताला हलकं लागलं की समजायचं झालं."

तुपाचं दुसरं काम म्हणजे मोहन. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळून ती मळली गेली की ग्लुटेनची लांब, चिवट जाळी बनते. पोळीला ती हवीच, नानकटाईला नको. तूप पिठाच्या कणांना आधीच वेढतं, त्यामुळे जाळी धड बनत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. इंग्रजीत 'शॉर्टब्रेड' म्हणतात त्यातला 'शॉर्ट' म्हणजे आखूड नव्हे, ठिसूळ. आपण शंकरपाळीत मोहन घालतो ती हीच गोष्ट. म्हणूनच पीठ घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. बेसनात ग्लुटेन होत नाही, शिवाय रव्याने कुरकुरीतपणा येतो.

सोडा आणि दही

दुसरा घाणा दिसायला छान, पण चव साबणासारखी. दही घालायचं मी विसरले होते. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. नुसता तापवला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, पण मागे सोडियम कार्बोनेट उरतं. ते कडवट आणि साबणी लागतं. दह्यातलं आम्ल मिळालं की वायूही होतो आणि सोड्याची चवही मरते. एक चमचा दह्याचं महत्त्व मला केमिस्ट्रीच्या पुस्तकाने नाही, त्या घाण्याने शिकवलं.

रंग कसा येतो?

तिसरा घाणा! मंद आचेवर २० मिनिटं. वरचा तवा दोनदा बदलला. कडा सोनेरी झाल्या, वर बारीक भेगा पडल्या आणि घरभर वास सुटला. हा वास आणि रंग येतो मेयार्ड अभिक्रियेतून. लुई मेयार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि काही शर्करा साधारण १४० अंशांच्या वर झपाट्याने एकत्र येतात आणि शेकडो नवे वास-चवीचे पदार्थ तयार होतात. पाणी असेपर्यंत तापमान १०० च्या वर फारसं जात नाही, म्हणून उकडलेल्या गोष्टीला असा रंग येत नाही.

इथे आपल्या जिल्ह्याचा मान! भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा सगळ्यांना माहीत आहे. उरलेल्या पिठात मी ५० ग्रॅम खवा कुस्करून घातला. खव्यात दुधाची प्रथिनं आणि लॅक्टोज दोन्ही एकवटलेले असतात, म्हणजे मेयार्डला मेजवानीच. तोच आकार, तीच आच, पण रंग पाच मिनिटं आधी आला. नानकटाई जरा मऊ झाली, पण पहिली तीच संपली.

एक सूचना. भट्टीतून काढल्या काढल्या नानकटाई मऊच लागते. कच्ची राहिली समजून पुन्हा भाजू नका. गार होताना तूप आणि साखर परत घट्ट होतात, तेव्हा ती कडक होते. मी हात घातला तर आजीने हातावर चापट मारली, "दम धर की जरा!"

चोवीस तारखेला रात्री चर्चहून आल्यावर डबा उघडला. आजीने एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "भट्टीचा वास न्हाई. पण माझीच हाय." मापं लिहिलेला कागद तिने माझ्याकडून मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि बायबलमध्ये ठेवला. झेरॉक्स माझ्याकडे आहे.

मित्रहो, घरी कुणी 'अंदाजाने' काही करत असेल, मग ते दिवाळीचे अनारसे असोत, ईदचा शीरखुर्मा असो की साधं मेतकूट, तर या सुट्टीत शेजारी काटा घेऊन बसा. आणि हो, हॉस्टेलच्या खोलीत हा प्रयोग करू नका. रेक्टर सरसुद्धा हे मासिक वाचतात!

या वर्षी कुणी विचारलं, "तुमच्याकडे ख्रिसमसला काय असतं?" तर डबाच पुढे करणार आहे. करंजीसकट. शुभ नाताळ!