‘प्रिझम्प्टिव्ह’ म्हणजे संशयित नव्हे

दोन आठवडे खोकला हटत नाही म्हणून माणूस सरकारी दवाखान्यात जातो. हातात कागद येतो, त्यावर ‘प्रिझम्प्टिव्ह टीबी’ असं लिहिलेलं. घरात एक जण म्हणतो, “टीबी झालाय.” दुसरा म्हणतो, “छे, नुसता संशय आहे.” दोघांचंही चुकतं, कारण या इंग्रजी विशेषणाचा अर्धाच अर्थ प्रत्येकाच्या हाती लागलेला असतो.

गैरसमज : प्रिझम्प्टिव्ह म्हणजे नुसता अंदाज.
वस्तुस्थिती : अंदाज हवेतूनही बांधता येतो, इथे आधार लागतो. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग असणार, असं न्यायशास्त्र सांगतं. त्याला आपण ‘अनुमान’ म्हणतो आणि या शब्दाला तेच सर्वांत जवळचं आहे. क्षयाच्या बाबतीत धूर म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला किंवा ताप, घटलेलं वजन, थुंकीतून पडणारं रक्त. पूर्वी अशा माणसाला इंग्रजीत ‘टीबी सस्पेक्ट’ म्हणत. त्या शब्दाला आरोपाचा वास होता. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या व्याख्यांत त्याऐवजी ‘प्रिझम्प्टिव्ह टीबी’ आणलं. मराठीत मात्र पोलिसांच्या बातम्यांतला ‘संशयित’ आजही रुग्णाच्या कपाळी येतो.

गैरसमज : प्रिझम्प्टिव्ह म्हणजे पक्कं ठरलेलं.
वस्तुस्थिती : उलट पुरावा येईपर्यंतच ते टिकतं. डिसेंबर १९३६ मध्ये सहावे जॉर्ज ब्रिटनचे राजे झाले, तेव्हा थोरली मुलगी एलिझाबेथ वारस ठरली. पण ‘एअर प्रिझम्प्टिव्ह’ म्हणून. धाकटा भाऊ जन्मला असता तर तेव्हाच्या नियमानुसार गादी त्याच्याकडे गेली असती. १९५२ मध्ये राणी होईपर्यंत त्या याच पायरीवर होत्या. आपल्याकडचा पुरावा कायदाही असंच गृहीत धरतो : ज्यांना एरवी खबर लागली असती त्यांना सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल, तर तो हयात नाही असं मानता येतं. तो जिवंत परतला की ते गृहीतक कोसळतं.

गैरसमज : ‘प्रिझम्प्टिव्ह लॉस’ म्हणजे तिजोरीतून गेलेला पैसा.
वस्तुस्थिती : २०१० च्या ‘कॅग’ अहवालामुळे टू-जी स्पेक्ट्रमचा १.७६ लाख कोटींचा आकडा घरोघरी पोचला. तो मोजलेला तोटा नव्हता. वेगळ्या दराने वाटप झालं असतं तर किती जास्त मिळालं असतं, याचं ते अनुमान होतं. त्याच अहवालात वेगळ्या पद्धतीने काढलेले कमी आकडेही होते, सर्वांत कमी सुमारे ५८ हजार कोटींचा. गृहीतक बदललं की आकडा बदलतो. म्हणून ‘अनुमानित’ हे विशेषण बातमीतून गाळणं म्हणजे वाचकाची दिशाभूल.

गैरसमज : ‘प्रिझम्प्टिव्ह टॅक्स’ म्हणजे सरकारने मनाला येईल तसा लावलेला कर.
वस्तुस्थिती : १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४ एडी ही छोट्या व्यावसायिकासाठी सवलत होती. उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा झाला असं धरायचं. सविस्तर हिशेबवह्या ठेवण्याची सक्ती नाही. नफा प्रत्यक्षात जास्त असेल, तर जास्त दाखवायचा.

गैरसमज : प्रिझम्प्टिव्ह आणि प्रिझम्प्च्युअस एकच.
वस्तुस्थिती : दोघांचं मूळ एकच, ‘आधीच घेणे’ या अर्थाचं लॅटिन क्रियापद. पण प्रिझम्प्च्युअस हे आगाऊपणाचं, मर्यादा ओलांडण्याचं वर्णन आहे. अर्जात किंवा पत्रात ही अदलाबदल झाली, तर समोरच्याचा विनाकारण अपमान होतो.

हा शब्द दिसला की दोन प्रश्न विचारावेत : असं मानायला आधार कोणता? आणि काय समोर आलं तर हे मागे घ्यावं लागेल? दवाखान्यातल्या त्या कागदावर दोन्हींची उत्तरं आहेत. आधार लक्षणांचा, निकाल तपासणीचा. तेव्हा घाबरू नका आणि कागद घडी घालून ठेवूही नका. थुंकीचा नमुना आजच द्या.