केस पेपरवर हवेचे नाव कधी येणार?

गोवंडी, मानखुर्द, चेंबूरच्या कुठल्याही महापालिका दवाखान्यासमोर सकाळी उभे राहून पाहा. लेकरांना कडेवर घेऊन आया रांगेत उभ्या असतात. कुणाला खोकला, कुणाच्या छातीत घरघर, कुणाला धाप. डॉक्टर दोन मिनिटांत तपासतात, बाटलीभर औषध मिळते आणि केस पेपरवर शेरा पडतो, 'सर्दी-खोकला'. पंधरा दिवसांनी तेच मूल, तीच आई, तोच शेरा. प्रत्येक खेपेला आईचा एक दिवसाचा रोज बुडतो आणि वर सल्ला मिळतो, 'मुलाची काळजी घ्या, घर स्वच्छ ठेवा.' म्हणजे धूर सोडणारा नामानिराळा आणि गुन्हेगार कोण, तर आई!

शास्त्र काय सांगते? लहान मूल मोठ्या माणसापेक्षा जलद श्वास घेते. वजनाच्या मानाने जास्त हवा, म्हणजे जास्त विष आत ओढते. त्याची फुफ्फुसे अजून वाढत असतात. अडीच मायक्रॉनहून बारीक धूलिकण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. या कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सांगितली. आपल्या देशाचे २००९ चे मानक ४० आहे. आठपट घाण हवासुद्धा आमच्या सरकारच्या नियमात बसते!

अमेरिकेतील युटा राज्यात एका खोऱ्यातला पोलाद कारखाना १९८६-८७ मध्ये कामगार वादामुळे सुमारे वर्षभर बंद होता. संशोधकांनी रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकाराने दाखल होणारी मुले बंद काळातल्या हिवाळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट होती. आया त्याच, घरे तीच. फक्त चिमणी थांबली होती.

आता आपल्या दारात या. माहुल परिसरात २०१३ मध्ये के.ई.एम. रुग्णालयाने केलेल्या पाहणीत ६७ टक्के लोकांनी महिन्यात तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागते असे सांगितले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तेथील हवेचा आरोग्याला धोका मान्य केला. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून गोरगरिबांना त्याच माहुलमध्ये कोंबण्यात आले. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सक्तीने तिथे पाठवू नका, पर्यायी घर नसेल तर दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या, असा आदेश दिला. देवनारचे डम्पिंग ग्राउंड, रुग्णालयांचा कचरा जाळणारी भट्टी, तेलशुद्धीकरण कारखाने, सारे मुंबईच्या याच टोकाला का? गावात आमची वस्ती गावकुसाबाहेर टाकली. शहराने गावकूस मोडले नाही, फक्त त्याला विकास आराखडा हे नाव दिले.

काही बांधव म्हणतील, कारखाने बंद पडले तर आपल्याच पोटावर पाय येईल. रास्त प्रश्न आहे. परंतु मागणी कारखाना बंद करण्याची नाही, धूर अडवणारी यंत्रणा बसवण्याची आहे. प्रदूषण करील त्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्वीकारले आहे. शुद्ध हवा हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे १९९१ मध्येच सांगितले आहे. हक्क आहे, पुरावा कमी पडतो.

पुरावा काय करतो, ते लंडनमध्ये दिसले. नऊ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, एला अडू-किसी-डेब्रा, दम्याने २०१३ मध्ये दगावली. रहदारीच्या रस्त्याजवळ तिचे घर होते. पहिल्या मृत्यूचौकशीत हवेचा उल्लेखही नव्हता. आईने हार मानली नाही. मुलीचे आजारपण आणि त्या भागातील हवेच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीत मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषण लिहिले गेले.

म्हणून माझी विनंती आहे. मुलाचा एकही केस पेपर फेकू नका. धाप, घरघर असेल तर तसेच लिहून मागा. वस्तीतल्या विहारात एक वही ठेवा, कोणते मूल कोणत्या तारखेला दवाखान्यात गेले याची. माहितीच्या अधिकारात दवाखान्याकडून श्वसनविकाराच्या बालरुग्णांचे महिनावार आकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून हवेचे आकडे मागवा. दोन्ही शेजारी ठेवा. हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यात आहे, तिथे बाधित व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. आपल्यातल्या वकिलांनी हे काम विनाशुल्क अंगावर घ्यावे.

१९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते काही फक्त तहान भागवण्यासाठी नव्हे. निसर्गाने सर्वांना दिलेल्या पाण्यावर आमचाही समान हक्क आहे, हे त्यांनी जगाला दाखवले. आज तोच प्रश्न हवेचा आहे. आपल्या लेकरांच्या श्वासाचा हिशेब आपणच मागितला पाहिजे.