मदरबोर्डपासून कानापर्यंत

संगणकात साठवलेले गाणे म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात डाव्या आणि उजव्या कानासाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा असतो. डिस्कवरून मेमरीत, मेमरीतून पुढे जाताना हे आकडे मळत नाहीत. खोट येते ती आकड्यांची वीज होते तिथे, आणि त्यापुढच्या हातभर तारेत. डेस्कटॉपवरून हेडफोनमध्ये चांगला आवाज आणायचा म्हणजे एवढा टापू नीट करायचा.

हा टापू कानाने तपासता येतो. कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटमध्ये हेडफोन लावावा, आवाज वाढवावा आणि काहीही वाजवू नये. अनेक संगणकांवर ही शांतता शांत नसते. माउस हलवला की बारीक किरकिर येते, पडद्यावरचे पान सरकवले की तिचा सूर बदलतो, गेम सुरू केला की शिट्टी चढते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर क्षणाक्षणाला कमीजास्त वीज ओढतात, त्याचेच हे पडसाद. पुढच्या सॉकेटची तार मदरबोर्डच्या कडेपासून निघून याच गर्दीतून जाते आणि वाटेतला कचरा गोळा करते. मागचे हिरवे सॉकेट मदरबोर्डवरच बसवलेले असते, त्यामुळे हेडफोन तिथे लावला की निम्मी तक्रार बहुधा तिथेच मिटते. या उपायाला एक पैसाही लागत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

तरीही किरकिर उरली, तर आकड्यांची वीज करण्याचे काम कॅबिनेटबाहेर न्यावे. त्यासाठी यूएसबीला जोडायचा डॅक मिळतो. चांगल्या डॅकचे घड्याळ स्वतःचे असते. संगणकाने आपल्या लयीत आकडे ढकलण्याऐवजी डॅक त्याच्याकडून हवे तेव्हा ते मागून घेतो. साध्या हेडफोनला बोटभर लांबीचा डॅकही पुरतो. वेगळ्या प्लगवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर जोडल्यावर मात्र कधी कधी ५० हर्ट्झची जाड घुमघुम सुरू होते. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन ठिकाणी अर्थ झाले, की त्यांच्यामधल्या तारेतून नको तो प्रवाह वाहू लागतो. अशा वेळी दोघांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणून पाहावे. अर्थची पिन काढून टाकण्याचा उद्योग कधीही करू नये. ती पिन जिवासाठी आहे.

आता हेडफोन आणि सॉकेट यांचे जमते का, हा प्रश्न. याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. हेडफोनवर ३२ ओहम किंवा ३०० ओहम असा आकडा छापलेला असतो, पण तो सगळ्या सुरांना सारखा लागू नसतो. पुष्कळ हेडफोनांचा विरोध खर्जात चढतो. समजा, एक हेडफोन मधल्या पट्टीत ३२ ओहमचा आणि खर्जात ६४ ओहमचा आहे, आणि सॉकेटचा स्वतःचा विरोधही ३२ ओहम आहे. मग मधल्या सुरांना निम्मा दाब मिळतो आणि खर्जाला दोन तृतीयांश. फरक सुमारे अडीच डेसिबलचा. तबल्यातला डग्गा फुगतो, घुमतो आणि गायकाच्या अंगावर येतो. दोष हेडफोनला दिला जातो, पण तो जोडीचा असतो. सॉकेटचा विरोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, हा ठोकताळा म्हणून उपयोगी पडतो. ३०० ओहमच्या हेडफोनची अडचण वेगळी: त्याला दाब जास्त लागतो, आणि मदरबोर्डवर तो बहुधा दबका वाजतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर खऱ्या अर्थाने लागतो तो इथे. एरवी पैसे आधी हेडफोनवर खर्च करावेत. हजाराच्या हेडफोनला दहा हजारांचा डॅक जोडून काही साधत नाही.

सेटिंगचे काम थोडे आहे. विंडोजमध्ये सगळे आवाज एकत्र करून एकाच ठरलेल्या दराने, बहुधा ४८,००० ने, बाहेर पाठवले जातात. सीडीची गाणीच ऐकायची असतील तर हा दर ४४,१०० करावा आणि खोली २४ बिट ठेवावी. फरक मात्र क्वचितच कानाला कळतो. आवाजात परस्पर बदल करणारी विंडोजची ‘एन्हान्समेंट्स’ बंद केल्याचा फरक खूपदा लगेच कळतो. फाइल फ्लॅकची असेल तर मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत जे टाकून दिलेले असते, ते कोणताही डॅक परत आणू शकत नाही.

दोन जोडण्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी हवी. एखादी जोडणी एका डेसिबलने मोठी असली, तरी कान तिलाच चांगली ठरवतो. परीक्षेला तानपुरा उत्तम. गायक सुरू होण्याआधी तो एकटा वाजत असतो, त्या जागेवर थांबावे. जवारीमुळे प्रत्येक तारेतून बारीक सुरांची साखळी उलगडते आणि विरत जाते. किरकिर असेल तर ती या विरण्याच्या टोकाशी प्रथम सापडते. मागचे सॉकेट, डॅक, अ‍ॅम्प्लिफायर अशी एकेक जोडणी करून तेच अर्धे मिनिट पुन्हा ऐकावे. ज्या पायरीपासून पुढे तारेचा शेवट आणखी स्पष्ट होत नाही, तिथे खरेदी थांबवावी.