युरियाची गोणी आणि एकविसावा दिवस

कोसाड, अमरोली, उधना, लिंबायत या भागांत स्थिरावलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांच्या पोटापाण्याची सोय सुरतेने केली, तरी सातबाऱ्यावरची नावे खानदेशातच राहिली. शेत भावाच्या किंवा वृद्ध वडिलांच्या हाती आणि बी-खताचा पैसा सुरतेचा, अशी ही विभागणी आहे. दिवाळीला मंडळी गावी जातात. बागायती गव्हाच्या वेळेवरच्या पेरणीचा काळ, म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, त्याच सुमारास येतो. परतीची गाडी धरण्यापूर्वी आणलेला सारा युरिया पेरणीबरोबरच जमिनीत घालून निश्चिंत व्हावे, असा विचार मग सहज मनात येतो. वस्तुतः नुकसानीचा आरंभ तेथेच होतो.

उगवलेला गहू आरंभीचे काही दिवस दाण्यातील साठ्यावर व बीजमुळांवर जगतो. त्याची भूक त्या वेळी अल्प असते. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी जमिनीलगतच्या पेऱ्यातून मुकुटमुळे फुटू लागतात. पुढे रोपाला मुख्यतः हीच मुळे पोसतात आणि याच सुमारास फुटवेही येऊ लागतात. त्यांपैकी किती टिकतील व किती ओंब्यांवर येतील, हे बऱ्याच अंशी या दिवसांत मिळणाऱ्या पाण्यावर व नत्रावर ठरते.

युरिया मात्र इतके दिवस वाट पाहत बसणारा पदार्थ नव्हे. ओलसर मातीत तो थोड्याच दिवसांत विघटित होऊन त्यातून अमोनिया तयार होतो. तो जमिनीच्या पृष्ठभागावर उघडा राहिला, तर खानदेशच्या विम्लधर्मी काळ्या मातीतून त्याचा काही अंश हवेत उडून जातो. जमिनीत राहिलेल्या नत्राचे पुढे नायट्रेट बनते आणि जादा पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली झिरपते. हेच पाणी विहिरीस मिळाले, तर गावी राहिलेल्या आपल्या माणसांच्या पिण्यात ते येऊ शकते. २०१५ पासून देशातील सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण देण्याचे धोरण आले. त्यामुळे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते; परंतु वेळेचे महत्त्व त्याने संपत नाही. आपल्या हजिऱ्याला १९८६ पासून कृभकोचा कारखाना युरिया बनवीत आहे. हवेतील नत्र नैसर्गिक वायूच्या साह्याने एवढ्या खटाटोपाने बांधावे आणि शेतात ते पुन्हा हवेत सोडून द्यावे, यात कसले शहाणपण?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावे. त्यांपैकी निम्मे नत्र आणि सर्व स्फुरद व पालाश पेरणीच्या वेळी, तर उरलेले निम्मे नत्र एकविसाव्या दिवसाच्या सुमारास द्यावयाचे असते. एकरी हिशेब केला, तर हे वरखत २४ किलो नत्राचे होते. युरियात नत्र शेकडा ४६ असल्याने त्यासाठी सुमारे ५२ किलो युरिया लागतो. २०१८ पासून गोणी ४५ किलोची झाली आहे. म्हणजे एक गोणी व वर सात किलो. पेरणीस डीएपी वापरले असेल, तर त्यातील शेकडा १८ नत्र पहिल्या हप्त्यातून वजा करावे. खुरपणी उरकून युरिया सर्वत्र सारखा विखरावा व लगेच हलके पाणी द्यावे, म्हणजे तो मातीत उतरतो.

उशीरही तितकाच बाधक असतो. ओंबी बाहेर पडल्यावर दिलेल्या नत्राने दाण्यातील प्रथिने वाढू शकतील. परंतु फुटव्यांची संधी हुकलेली असते. सुट्टी मिळेल तेव्हा, मग तो जानेवारी का असेना, खत टाकू, हा बेतही म्हणूनच निरुपयोगी होय.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. परतण्यापूर्वी निम्मा युरिया घरात कोरड्या जागी ठेवावा, मजुरीचे पैसे घरच्यांच्या हाती द्यावेत आणि दोन्हीकडच्या दिनदर्शिकांवर पेरणीपासूनचा एकविसावा दिवस खुणेने नोंदवावा. त्या दिवशी सुरतेहून एक फोन केला, तरी खताचा पैसा सार्थकी लागेल.